मदत हवी आहे: पोरांच्या फुटबॉल कोचचा सत्कार कसा करायचा?

नमस्कार मंडळी, नागपूरकरांनी जरा डोकं लावा राजेहो. आमच्या वस्तीतल्या मैदानावर दर रविवारी सकाळी 6 ला पोरं फुटबॉल खेळतात, क्लब वगैरे काही नाही, नुसती मजा म्हणून, आणि चार दादा-ताई त्यांना फुकट शिकवतात, एक पैसा घेत नाहीत, वरून बॉलमध्ये हवा भरायचा पंपसुद्धा स्वतःच्या खिशातून आणलाय. मे महिन्याच्या उन्हातही सुट्टी नाही!

आम्हा पालकांना 23 जूनला त्यांचा सत्कार करायचाय. तो भारताचे मोठे फुटबॉलपटू पी. के. बॅनर्जींचा जन्मदिवस, ग्रासरूट्स डे, म्हणजे तळागाळातल्या फुटबॉलचा दिवस म्हणून पाळतात. विजय बारसे सरांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल खेळवणारं स्लम सॉकर सुरू केलं ते आपल्याच नागपुरात, मग आपल्या गल्लीतल्या कोचचं कौतुक आपण नाही करायचं तर कोण करणार.

पण अडलंय ते निवडीवर. काही पालक म्हणतात ज्याची टीम जास्त जिंकली त्याला ट्रॉफी द्या. मला नाही पटत, 8-10 वर्षांच्या पोरांत जिंकणं कसलं मोजता? जो कच्च्या पोरालाही पूर्ण वेळ खेळवतो, हरल्यावर ओरडत नाही, ज्याच्याकडची पोरं पुढच्या वर्षी परत येतात, तो खरा. मग पोरांनाच चिठ्ठ्या लिहायला लावू का? की चौघांनाही सारखंच द्यावं? शाल-श्रीफळ नको वाटतं, घरात शालींचा ढीग पडतो. चांगली शिट्टी, बूट, की डी लायसन्स (फुटबॉल कोचिंगचं प्राथमिक पातळीचं प्रमाणपत्र) कोर्सची फी वर्गणी काढून भरावी?

कोणी असं केलं असेल तर सांगा ना भाऊ.