डोळे ‘नॉर्मल’, तरी मुंग्या दिसतात: हे खूळ?

उंबरठा: ‘डोळ्यांपुढे ठिपके नाचतात म्हणणाऱ्यांचा मोबाईल काढून घ्या, आठ दिवसांत बरे होतील’ अशी पोस्ट काल इथे पडली. राहवलं नाही. घरात साधा फोनही नव्हता तेव्हापासून मला मुंग्या दिसतात. दूरदर्शन संपल्यावर टीव्हीवर यायच्या तशाच, फक्त बारीक. भिंतीवर, ताटातल्या भातावर, दिवा मालवला की जास्तच. सगळ्यांना असंच दिसतं असं वाटायचं. याला व्हिज्युअल स्नो म्हणतात. गडबड मेंदूत, म्हणून डोळे तपासून ‘नॉर्मल’ येतात. ब्रिटनमधल्या २०२० च्या पाहणीत हजारेक लोकांपैकी २ टक्क्यांच्या आसपास निकषांत बसले.

रोखठोक: पोस्ट माझीच. हजारात वीस, तेही ऑनलाइन विचारून! निळ्या आभाळाकडे बघितलं की मलाही ठिपके पळताना दिसतात. डोळ्याच्या पडद्यावरच्या केशवाहिन्यांतल्या पांढऱ्या पेशी त्या. हल्ली नाव मिळालं की आजार होतो.

उंबरठा: ते आभाळापुरतं. माझं काळोखातही चालू असतं. वाचून तरी उत्तर द्या.

गोदाकाठ: मुंग्यांचं राहू द्या. मोतीबिंदू पिकल्यावर आमच्या आजीला ओसरीवर फेटेवाली माणसं दिसायची. बोलणं नाही, चालणं नाही, पंगतीला बसल्यासारखी. आधी आईला म्हणायची, ‘‘पाहुण्यांना पाणी दे गं.’’ काकांनी देवऋषी आणला, मिरच्या ओवाळल्या, धुरी दिली. ऑपरेशन झालं आणि पाहुणे गेले. स्विस निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स बॉनेने १७६० मध्ये स्वतःच्या आजोबांबद्दल हेच लिहून ठेवलंय.

रोखठोक: वय झालं की भ्रम होतोच.

गोदाकाठ: भ्रम तुम्हाला! शेवटपर्यंत दुधाचा हिशेब तोंडपाठ होता तिला. ती माणसं खरी नाहीत हेही कळायचं. लोक वेडी म्हणतील म्हणून दोन वर्षं गप्प बसली बिचारी.

कुलाचार: देवऋषी कशाला मध्ये? काहींना गुण येतो.

गोदाकाठ: धुरीने डोळे चुरचुरले, तेवढा आला.

कुलाचार: श्रद्धेची टिंगल सोपी असते.

गोदाकाठ: धुरीत तुम्ही बसला नव्हता. ती बसली होती.

रोखठोक: बरं, आजींबद्दल शब्द मागे. मुंग्यांबद्दल नाही. आता हसायचं तर हसा: मागच्या महिन्यात पेपर वाचताना अक्षरं गायब झाली आणि नागमोडी, चकाकती रेघ कडेकडे सरकत गेली. वीसेक मिनिटं. डोकं दुखलं नाही. बायकोलाही सांगितलं नाही.

उंबरठा: मायग्रेनचा ऑरा, म्हणजे अर्धशिशीत डोळ्यांपुढे येणारी अशी चमक, असू शकतो. डोकं न दुखताही येतो. पण पहिल्यांदाच ना? दाखवून या. मोबाईल घरी ठेवून जा.