मदत हवी आहे : रेडिएशननंतर फोर्निए गँगरीन, आता ग्राफ्ट की फ्लॅप?

नमस्कार मंडळी,

बाबा ६२ वर्षांचे, मधुमेह जुना. गुदाशयाचा कॅन्सर. ऑपरेशनआधी पाच आठवड्यांत २५ वेळा रेडिएशन आणि सोबत कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या झाल्या. ते संपल्यावर नवव्या दिवशी अंडकोश सुजला. तीन दिवस त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, आईलाही नाही. रेडिएशनने कातडी सोलली असेल म्हणून खोबरेल लावत राहिले. चौथ्या दिवशी ताप १०३, खोलीत वास. बळेच पाहिलं तर कातडी काळी पडलेली.

त्याच रात्री ऑपरेशन. सर्जन म्हणाले, हे फोर्निए गँगरीन, म्हणजे गुप्तांगाभोवतीचं मांस सडवणारा संसर्ग. तो कातडीखालून तासातासाला पसरतो, नुसत्या अँटिबायोटिकने थांबत नाही, मेलेलं मांस काढावंच लागतं. चार दिवसांत तीनदा थिएटरमध्ये नेलं. अंडकोशाची जवळजवळ सगळी कातडी गेली. वृषणं वाचली, कारण त्यांना रक्त पोटातून वेगळ्या वाटेने येतं. सध्या ती मांडीच्या कातडीखाली खिसा करून ठेवली आहेत. जखमेला शौच लागू नये म्हणून पोटावर स्टोमाची पिशवी (आतड्याचं तोंड पोटावर काढलंय, शौच पिशवीत येते).

शुगरची डापाग्लिफ्लोझिन बंद करून इन्सुलिन सुरू केलंय. या गटातल्या गोळ्यांबाबत अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१८ मध्येच याच आजाराचा इशारा दिला होता, हे मला आत्ता कळलं. तुमच्या घरी कुणी घेत असेल तर डॉक्टरांशी बोला, परस्पर बंद करू नका.

व्हॅक ड्रेसिंगने (बंद पट्टीतून मशिन जखमेतला स्राव ओढून घेतं) जखम आता लाल, स्वच्छ दिसते. प्लास्टिक सर्जननी दोन पर्याय दिलेत. मांडीची पातळ कातडी काढून लावायची, म्हणजे ग्राफ्ट, किंवा मांडीतला स्नायू रक्तवाहिनीसकट वळवून फ्लॅप करायचा. ग्राफ्ट सोपं, पण रेडिएशन बसलेल्या जागी धरेल का? फ्लॅप स्वतःचं रक्त घेऊन येतो, पण ऑपरेशन मोठं, आणि कॅन्सरचं मूळ ऑपरेशन तर अजून बाकीच आहे. निर्णय डॉक्टरांबरोबरच घेणार आहोत. ज्यांच्या घरी रेडिएशननंतर यातलं काही झालंय त्यांनी सांगा, नीट बसता कधी आलं? ग्राफ्ट नंतर आखडलं का? पुढचे उपचार किती लांबले?

आणखी एक. बाबा बोलत नाहीत. ड्रेसिंगला नर्स आली की भिंतीकडे तोंड करतात, आईला बाहेर जायला सांगतात. ते तीन दिवस लाजेपायी गेले, आणि तीच लाज अजून त्यांना सोडत नाही. यातून स्वतः गेलेलं कुणी इथे असेल आणि त्यांच्याशी पाच मिनिटं फोनवर बोलायची तयारी असेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.