क्लायटीला झालेली शिक्षा न्याय्य होती का?

रानजाई:
रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटॅमॉर्फसीज' या काव्याच्या चौथ्या खंडातली ही गोष्ट. सूर्यदेवाचं आधीच्या प्रेयसीवरचं, क्लायटी या अप्सरेवरचं, मन उडतं आणि पर्शियाच्या राजकन्येवर, ल्युकोथोईवर, जडतं. ती रात्री दिव्याच्या उजेडात बारा दासींबरोबर सूत कातत बसलेली असते. सूर्य तिच्या आईचं रूप घेऊन येतो, लेकीशी खासगी बोलायचंय म्हणून दासींना बाहेर पाठवतो आणि मग खऱ्या रूपात उभा राहतो. भीतीने तिच्या हातातली चाती गळून पडते. पुढे होते ती जबरदस्तीच. क्लायटी मत्सराने ही गोष्ट ल्युकोथोईच्या बापाच्या, राजा ऑर्कमसच्या, कानावर घालते. पोरगी सूर्याकडे हात करून सांगते, त्याने माझ्या मनाविरुद्ध केलं. बाप तरीही तिला जिवंत पुरतो. यानंतर सूर्य क्लायटीकडे फिरकत नाही. ती नऊ दिवस अन्नपाण्यावाचून उघड्यावर बसून त्याच्याकडे बघत राहते आणि शेवटी जमिनीत मूळ धरून फूल होते.

मला हे अन्यायाचं वाटतं. याच कथेच्या आधी सूर्यानेच प्रेमदेवी व्हीनस आणि युद्धदेव मार्सचं प्रकरण व्हीनसच्या नवऱ्याला, व्हल्कनला, सांगितलेलं आहे. त्याचा सूड म्हणून व्हीनस सूर्याला ल्युकोथोईच्या नादी लावते. चहाडी दोघांनीही केली. सूर्य दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा उगवला, क्लायटी मात्र मातीत रुतली.

उत्तरकोकण:
पटलं नाही. क्लायटीच्या चहाडीने एका निरपराध मुलीचा जीव गेला, आणि तोही तोंडात माती जाऊन. ओव्हिड स्पष्ट सांगतो की तिने ही भानगड आधी चारचौघांत पसरवली आणि मग बापापर्यंत नेली. रागाच्या भरात तोंडातून निघून गेलं, असं नाही. तिने ठरवून केलं.

आणि शिक्षा दिली कोणी? सूर्याने फक्त तिच्याकडे जाणं बंद केलं. ज्या बाईने आपल्या प्रेयसीला मारवलं तिच्याकडे परत जा, असं कुणाला कसं सांगणार? उपाशी बसणं तिचं तिनेच निवडलं.

रानजाई:
प्रेयसी? ती मुलगी मरताना 'मनाविरुद्ध' म्हणतेय. सूर्याच्या दुःखाला मी मान देईन, पण त्याने तिच्या खोलीत आईच्या रूपात शिरताना तिला विचारलं होतं का?

शेवटचा बाक:
याच काव्याच्या दुसऱ्या खंडातली अग्लॉरस बघा. तिच्या बहिणीवर, हर्सीवर, मर्क्युरी या देवाचं मन बसलेलं. मिनर्व्हा देवी स्वतः असूयेच्या, म्हणजे मूर्तिमंत मत्सराच्या, घरी जाते. ती असूया सापाचं मांस खात बसलेली असते. मिनर्व्हा तिला हुकूम देते की जा, अग्लॉरसच्या अंगात भिन. असूया तिच्या छातीवर हात ठेवते, आत काटे भरते. मग अग्लॉरस बहिणीच्या दारात आडवी बसते आणि मर्क्युरी तिचा दगड करतो. मत्सर एका देवीने घातला आणि त्याची शिक्षा दुसऱ्या देवाने दिली. याला न्याय म्हणायचं तर गुन्हा नेमका कुणाचा?

उत्तरकोकण:
अर्धी गोष्ट सांगितलीत. अग्लॉरसने मिनर्व्हाने सोपवलेली पेटी उघडायची नाही असं बजावलेलं असताना उघडली होती. वर बहिणीपर्यंत पोचवायला मर्क्युरीकडे सोनं मागितलं. विश्वासघात आणि हाव दोन्ही तिच्या अंगात आधीपासून होती.

शेवटचा बाक:
होती. मग त्याचीच शिक्षा द्यायची ना, नवा रोग कशाला घालायचा?

समईची वात:
मला तर हा हिशोब गुन्ह्याचा वाटतच नाही, तो नात्यागोत्याचा आहे. ग्रीक नाटककार युरिपिडीसची मीडिया आठवा, इ.स.पू. 431 मध्ये अथेन्सला रंगमंचावर आलेली. नवरा जेसन दुसरं लग्न करतो म्हणून ती नव्या नवरीला आणि तिच्या बापाला विषारी भेटीने मारते, स्वतःच्या दोन्ही मुलांना मारते आणि रथात बसून निघून जाते. रथ कुणाचा? हेलिओसचा, म्हणजे सूर्याचा. ती त्याची नात. मत्सराने चार जीव घेतले तरी घरचा रथ येतो. क्लायटीला कोण होतं?

उत्तरकोकण:
हा मुद्दा जोरदार आहे, पण त्यातून मीडियाला शिक्षा व्हायला हवी होती एवढंच निघतं. क्लायटीला सोडायला हवं होतं, असं नाही. एक सुटला म्हणून दुसऱ्याला सोडायचं, हा कुठला न्याय?

रानजाई:
सोडा असं मी म्हणतच नाही. तिच्या हातून घडलं ते भयंकरच. पण ओव्हिड स्वतः ऑर्कमसला क्रूर म्हणतो, वर वाळूचा ढीग रचेपर्यंत सगळं वर्णन करतो आणि मग तो बाप गोष्टीतून नाहीसा होतो. त्याला ना फूल केलं, ना दगड. पुरणारे हात त्याचे होते. आधी त्याच्या शिक्षेचं बोला, मग क्लायटीच्या नऊ दिवसांचं मोजमाप करू.

उत्तरकोकण:
ऑर्कमसला शिक्षा हवीच, यावर माझं दुमत नाही. क्लायटीची मात्र एका दिवसानेही कमी करणार नाही.