फोन कोण करतं यावर बरंच अवलंबून

शाळा सोडलेल्या अपंग मुलांचं पुढे काय झालं, हे घरी फोन करून विचारणारी पाहणी म्हणजे ‘नुसते कागदी घोडे’, हे मत मला अर्धंच पटलं. अमेरिकेत आयडिया या अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्याखाली राज्यांना दरवर्षी सांगावं लागतं, की आयईपी (अपंग मुलासाठी शाळेने आखलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा) असलेली मुलं शाळा सुटल्यावर वर्षभरात कुठे पोचली. आणि नुसतं ‘नोकरी लागली’ म्हणून भागत नाही. स्पर्धात्मक नोकरीत गणायचं तर आठवड्याला सरासरी २० तास, एकूण ९० दिवस, किमान वेतन किंवा जास्त, आणि काम अपंगत्व नसलेल्यांच्या बरोबरीने. शाळा अर्ध्यावर सोडलेली मुलंही यात धरतात. खरी गोम तिथेच आहे, त्यांचे फोनच लागत नाहीत. ज्यांच्या पाठीशी घर उभं आहे ती उत्तरं देतात, मग टक्केवारी छान दिसते.

आमच्या लेकाच्या वेळचं सांगतो. अनोळखी नंबरवरून दोनदा फोन आला, मी विमेवाला समजून कापला. तिसऱ्यांदा त्याच्या जुन्या बाईंनी स्वतः केला, तेव्हा पाऊण तास बोललो (त्यातली दहा मिनिटं कुत्र्यावर!). काम मिळत होतं, पण तिथवर एकट्याने जाता येत नव्हतं, हे मी तेव्हा सांगितलं. आणखी काही घरांतूनही तेच आलं म्हणे. पुढच्या वर्षीपासून शाळेने शेवटच्या वर्गातल्या मुलांना सिटी बसने एकट्याने प्रवास करायला शिकवायला घेतलं. ‘नोकरी आहे का, हो की नाही’ एवढंच विचारलं असतं तर हे कळलंच नसतं.