व्हॅन्को लावल्यावर पेशंट लालबुंद झाला, फाईलवर ‘ॲलर्जी’ लिहिलं – चूक माझी का?

तिसरंवर्ष_पोस्टिंग

नमस्कार, मी बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सध्या ऑर्थो वॉर्डला पोस्टिंग. आज सकाळपासून डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितेय. पन्नाशीचे एक काका आहेत, पायात प्लेट टाकलीय आणि जखमेत एमआरएसए (नेहमीच्या अँटिबायोटिक्सना न जुमानणारा जंतू) निघालाय, त्यांना व्हॅन्कोमायसिन म्हणजे व्हॅन्को हे अँटिबायोटिक १ ग्रॅम दर बारा तासांनी. मी १०० मिली एनएसमध्ये (नॉर्मल सलाईन) टाकून लावलं, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या राऊंड यायच्या आत संपव, मग मी रोलर (ड्रिपचा वेग ठरवणारं चाक) पूर्ण उघडला आणि दुसऱ्या बेडचं ड्रेसिंग करायला गेले. वीसेक मिनिटांत बाटली संपत आली आणि काका ओरडायला लागले, मान-चेहरा-छाती लालबुंद, डोकं खाजवतायत, “सिस्टर आग होतेय”. मी ड्रिप बंद केली, डॉक्टरांना हाक मारली, बीपी ११०/७० होतं, त्यांनी एव्हिल (ॲलर्जीवरचं) आणि हायड्रोकॉर्ट (स्टेरॉइड) दिलं, अर्ध्या तासात काका एकदम नॉर्मल, चहा मागितला!! पण फाईलवर लाल पेनाने ‘व्हॅन्कोमायसिन ॲलर्जी’ लिहिलंय आणि रात्रीचा डोस होल्ड.

आता प्रश्न असा की टेस्ट डोस तर मी स्वतः दिला होता आणि तो निगेटिव्ह होता, मग ॲलर्जी कशी? आणि पुढच्या आठवड्यात फार्माकॉलॉजीची व्हायवा आहे, मॅडमना नक्की हेच विचारायचं सुचणार.

आयसीयू_नाईट

आधी शांत हो. ड्रिप बंद केलीस, बीपी घेतलंस, हाक मारलीस, हे बरोबर केलंस. चूक कुठे झाली ते सांगते.

ही बहुतेक ॲलर्जी नाहीच. याला पूर्वी रेड मॅन सिंड्रोम म्हणायचे, आता व्हॅन्कोमायसिन इन्फ्युजन रिॲक्शन म्हणतात. औषध रक्तात जोरात गेलं की ते थेट मास्ट सेल नावाच्या पेशींमधून हिस्टामिन (खाज-लाली आणणारं रसायन) सोडवतं, त्याला अँटिबॉडी लागत नाही, म्हणून आधी कधी व्हॅन्को न घेतलेल्या माणसालाही पहिल्याच डोसला होतं. आणि म्हणूनच तुझा टेस्ट डोस निगेटिव्ह आला, त्यात काही कळण्यासारखं नव्हतंच.

आता हिशोब कर. १ ग्रॅम म्हणजे १००० मिलिग्रॅम, मिनिटाला १० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही, म्हणजे कमीत कमी १०० मिनिटं. पुस्तकात ‘किमान एक तास’ असतं ते ५०० च्या डोसला पुरेसं होतं, १ ग्रॅमला दीड-दोन तास धरायचे. तू वीस मिनिटांत दिलंस, म्हणजे मिनिटाला ५०, पाचपट! शिवाय १०० मिलीत १ ग्रॅम म्हणजे १० मिलिग्रॅम पर मिली, हातावरच्या शिरेला ५ च्या वर नको, शीर धरते, लाल दोरीसारखी होते. तर १ ग्रॅम आधी २० मिली स्टराईल वॉटरमध्ये विरघळव, मग २५० एनएसमध्ये टाक. २५० ची बाटली स्टोअरला नसली तर ५०० मधलं अर्धं काढून टाक, पण १०० मध्ये नको.

थेंब: साधा सेट २० थेंबांचा असतो. २५० गुणिले २० म्हणजे ५०००, भागिले १२० मिनिटं, मिनिटाला साधारण ४२. घड्याळ लावून १५ सेकंदांत १० ते ११ थेंब पडले पाहिजेत. आणि एकदा लावून निघून जायचं नाही, पेशंटने कोपर वाकवलं की थांबतं, सरळ केलं की धो धो, दर पंधरा मिनिटांनी बघायचंच.

फाईलचं मात्र सोडू नकोस. तो शिक्का राहिला की उद्या त्याला गरज असताना व्हॅन्को मिळणार नाही, सरळ लिनेझोलिड या दुसऱ्या अँटिबायोटिकवर जातील, ते दोन आठवड्यांच्या वर गेलं की प्लेटलेट कमी होतायत का बघत बसायचं. उद्या डॉक्टरांना स्वतःहून सांग की सर, वीस मिनिटांत गेलं होतं. सांगायला लाज वाटेल, तरी सांग. त्यांना ही वेळ माहीतच नसेल तर त्यांनी ॲलर्जी लिहिली यात नवल नाही.

ब्रदर_कॅज्युअल्टी

सगळं मान्य पण एक भर घालतो, नाहीतर उद्या कोणी प्रत्येक रिॲक्शनला ‘हे तर इन्फ्युजनचं’ म्हणून सोडून देईल. ओठ-डोळे सुजले, आवाज घोगरा झाला, शिट्टीसारखा श्वास, बीपी कोसळलं, तर नाव काय ते नंतर ठरवा, आधी ॲड्रेनालिन, मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम म्हणजे एकास हजारवालं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. एव्हिल-हायड्रोकॉर्टने ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी ॲलर्जी) थांबत नाही, आमच्याकडे अजून लोक आधी तेच शोधत धावतात.

आणि लाल दिसेलच असं नाही. सावळ्या माणसात नुसती खाज आणि ‘आग होतेय’ एवढंच असतं. हे काका गोरे असणार.

टेस्ट डोसबद्दल मी जरा वेगळं बोलतो. आमच्याकडे ऑर्डरपुढे एएसटी (म्हणजे टेस्ट करून मग द्या) लिहिलं की सेफ्ट्रियाक्सोनपासून सगळ्यालाच ०.१ मिली चामडीत टोचायचं आणि पेनाने गोल काढायचा. पेनिसिलीनच्या टेस्टला नीट केली तर अर्थ आहे, बाकी अँटिबायोटिक्समध्ये तो गोल कोरा राहिला म्हणून निर्धास्त व्हायचं काही कारण नाही. निगेटिव्ह टेस्टनंतर पेशंट कोसळलेला मी दोनदा पाहिलाय. त्यापेक्षा नीट विचारा. आणि कसं विचारता ते महत्त्वाचं! “ॲलर्जी आहे का” म्हटलं की आजीबाई नाही म्हणतात. “कुठल्या गोळीने अंगावर गांधी उठल्या होत्या का” म्हणा, लगेच “हो, त्या लाल-पिवळ्या कॅप्सूलने”. एकदा पेशंट म्हणाला “इंजेक्शनने पित्त उठतं”, आमच्या स्टुडंटने लिहिलं ॲसिडिटी आणि पॅन्टॉप मागवलं. अरे बाबा त्याच्या अंगावर पित्त उठत होतं, पोटात नाही!

जुनी_सिस्टर

मी निवृत्त झाले, पण वाचून राहवलं नाही. माझे वडील पिंपरीच्या एच.ए.त होते, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ साली सरकारने काढलेला कारखाना, युनिसेफची मदत होती. पेनिसिलीन आमच्या घरात जेवताना बोलायचा विषय. वॉर्डला आले तेव्हा काचेच्या सिरिंजा उकळायच्या, आणि टीबीच्या पेशंटला स्ट्रेप्टोमायसिन रोज, त्याने ऐकू येणं कमी होऊ शकतं. तेव्हा आमच्या इनचार्ज सिस्टर टोचायच्या आधी एकच गोष्ट करायच्या, पेशंटच्या मागे उभं राहून हळू आवाजात नाव घ्यायच्या. वळला नाही तर इंजेक्शन थांबवून डॉक्टरांना बोलवायच्या. त्याच जातीच्या जेंटामायसिन, अमिकासिनला अजूनही तेच करा बरं, कानात गुंई होतं का, चालताना तोल जातो का, लघवी किती झाली. ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) नंतर होईल. आणि जेंटा आणि पेनिसिलीन एका सिरिंजमध्ये भरू नका, एकमेकांना निकामी करतात.

मुली, घाई सिस्टरची होती पण रोलर तुझ्या हातात होता. हे कठोर वाटेल.

तिसरंवर्ष_पोस्टिंग

नाही वाटलं सिस्टर, खरंच आहे ते.

अपडेट देते. काल सकाळी राऊंडला सरांना सांगितलं की वीस मिनिटांत गेलं होतं. दोन सेकंद काही बोलले नाहीत, मग फाईल घेऊन ‘ॲलर्जी’ खोडून ‘जलद इन्फ्युजनमुळे रिॲक्शन, दोन तासांत द्यावे’ असं लिहिलं आणि सही केली. सिस्टर माझ्याशी दुपारपर्यंत बोलल्या नाहीत, मग स्वतःच २५० ची बाटली आणून दिली. १५ सेकंदांत ११ थेंब लावून स्टूल घेऊन बेडजवळच बसले. काकांनी मध्ये पेपर उघडायला हात वाकवला आणि ड्रिप थांबली, मग मीच पेपरची पानं उलटून दिली. काहीही झालं नाही, नुसतं डोकं थोडं खाजलं म्हणाले पण ते तेलाचं असेल.

आता सरांनी व्हॅन्कोची ट्रफ लेव्हल (पुढच्या डोसआधीची रक्तातली सगळ्यात कमी पातळी) पाठव सांगितलंय, ती कधी काढायची? आणि शेजारच्या बेडला आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) चालू आहे आणि सेफ्ट्रियाक्सोन द्यायचंय, ते वायमधून (त्याच ड्रिपच्या नळीच्या फाट्यातून) दिलं तर चालतं का? तिथे पण घाबरायला लागलेय आता.

आयसीयू_नाईट

घाबर, थोडं चांगलं असतं ते 😄 आरएलमध्ये कॅल्शियम असतं, सेफ्ट्रियाक्सोन त्याच्याशी मिळून खडे धरतं, म्हणून वायमधून अजिबात नाही. आरएल बंद, लाईन एनएसने नीट फ्लश, मग सेफ्ट्रियाक्सोन, परत फ्लश, मग आरएल. हे मोठ्या माणसांचं. नवजात बाळाला कॅल्शियमवालं काहीही चालू असेल तर वेगळ्या लाईनने पण सेफ्ट्रियाक्सोन द्यायचं नाही, बाळाच्या डॉक्टरांना विचारायचं.

ट्रफ: चौथ्या डोसच्या आधी अर्ध्या तासात. होल्डमुळे तुझं गणित बिघडलंय, एक डोस मध्ये गाळला गेलाय, तर कितवा धरायचा ते सरांनाच विचार, स्वतः मोजू नकोस. सँपल ड्रिपच्या हातातून काढू नकोस, दुसऱ्या हातातून. आणि ट्यूबवर सँपलची वेळ आणि फॉर्मवर मागचा डोस कधी सुरू झाला, कधी संपला, दोन्ही लिही. तुमच्या वॉर्डच्या चार्टवर नुसतं ‘सकाळी ८’ असणार, मला माहितीये.