ऑक्टोपसच्या अंगात कवच उरलेलं असतं का? असलं तर कशाचं?

परभणी बीएस्सी:
नमस्कार मंडळी, मी परभणीला बीएस्सी सेकंड इयरला आहे, सध्या मोलस्का म्हणजे गोगलगाय, ऑक्टोपस असले मऊ अंगाचे प्राणी चालूय. नोट्समध्ये एका ओळीत लिहिलंय ऑक्टोपसला कवच नसतं आणि त्याच पानावर खाली लिहिलंय काही जातींत अवशेष रूपात असतं, मग नेमकं काय समजायचं? असतं तर कुठं असतं, कशाचं असतं, गोगलगायीसारखं चुन्याचंच का? लॅबमध्ये बरणीत एक ऑक्टोपस आहे पण कापू देत नाहीत, आणि समुद्र इथून कुठं राव. कुणी प्रत्यक्ष बघितलं असेल तर सविस्तर सांगा, मार्कांपुरतं नको.

नांदेडचे सर:
दोन्ही ओळी बरोबर आहेत, मधलाच भाग गाळलाय. आधी सगळं खानदान बघ. नॉटिलसला बाहेरून कप्प्याकप्प्याचं कवच, अॅरॅगोनाइटचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. तुमच्या देवघरात शाळिग्राम असेल तर तो याच गटातल्या, आता नामशेष झालेल्या अॅमोनाइटचा जीवाश्म. कटलफिशचं कवच अंगाच्या आत गेलं, पण चुनखडी तशीच राहिली, काष्टौषधीच्या दुकानात समुद्रफेस म्हणून मिळतो तो तोच, हायड्रोक्लोरिकचा थेंब टाकून बघ, फसफसतो. स्क्विडमध्ये चुनाही गेला, राहिली फक्त काइटिन (कीटकांच्या कडक सालीत असतं ते) आणि प्रोटीनची पारदर्शक पट्टी, तिला पेन म्हणतात. ऑक्टोपस त्याच्याही पुढं गेला. लेबनॉनमध्ये साधारण ९.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात केउपिया नावाचा ऑक्टोपस सापडलाय, त्याच्यात ही पट्टी दोन तुकड्यांत विभागलेली दिसते. आपल्या पायाखालचा काळा बेसाल्ट जवळपास ६.६ कोटी वर्षांचा, म्हणजे हा बदल त्याच्याही आधी होऊन गेलेला.

उदगीर फिशरीज:
सरांनी पाया घातलाय, मी पुढचं सांगतो. मी उदगीरला फिशरीज केलं, नंतर किनाऱ्यावर काम करताना ऑक्टोपस उघडून बघितलेत. नेहमीच्या ऑक्टोपसमध्ये दोन बारीक काड्या असतात, मॅन्टलच्या, म्हणजे धडाच्या पिशवीसारख्या स्नायूच्या आवरणाच्या आत डाव्या उजव्या बाजूला एकेक, कल्ल्यांच्या बुडाजवळ स्नायूत रुतलेल्या, त्यांना स्टायलेट म्हणतात. पिवळसर, काचेसारख्या आरपार, मधे किंचित वाकलेल्या. नवीन माणूस सहज कापून फेकून देतो, इतक्या लपलेल्या असतात. प्रत्येक काडी तिच्या बारीक पिशवीत असते, आणि ती पिशवीच काडी तयार करते, म्हणजे कवच बनवणारा अवयव गेला नाही, काम कमी झालं इतकंच.

आता कशाची? मुख्यतः काइटिन आणि प्रोटीन, गोगलगायीसारखं चुन्याचं कवच नाही. पण मला सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे ती थरावर थर चढत वाढते, आडवी पातळ कापून मायक्रोस्कोपखाली धरली की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. ऑस्ट्रेलियातल्या ऑक्टोपस पॅलिडसवर २००६ मध्ये काम झालं, वय माहीत असलेले प्राणी वाढवून वलयं मोजली तर साधारण एका दिवसाला एक वलय जुळलं. म्हणून ज्याला अवशेष म्हणून सोडून द्यायचं त्याच्यावरून आता वय काढायलेत, मासेमारीचा हिशोब करायला हे फार कामाचं आहे, कारण ऑक्टोपसच्या तोल सांभाळणाऱ्या अवयवातल्या खड्यांवर, म्हणजे स्टॅटोलिथवर, वलयं नीट मोजता येत नाहीत.

लातूर ताई:
फक्त काड्याच नाही बरं. खोल समुद्रातले पंखवाले ऑक्टोपस असतात ना, डम्बो वगैरे, त्यांच्यात दोन काड्या नसून एकच मोठा तुकडा असतो, यू किंवा खोगिराच्या आकाराचा, आणि पंखांना आधार द्यायचं काम तो अजून करतोय. हिंदी महासागरात जावा ट्रेंचमध्ये असा डम्बो जवळपास ७००० मीटर खोलीवर कॅमेऱ्यात दिसलाय. उलट काही जातींत काड्यासुद्धा पूर्ण गेल्यात. त्यामुळं परीक्षेत "नसतं" एवढंच लिहिलं तर निम्मं उत्तर झालं.

परभणी बीएस्सी:
सर, दादा, ताई, लई आभार. अजून एक विचारायचं होतं, आर्गोनॉटचा फोटो बघितला, तो ऑक्टोपसच आहे म्हणतात आणि त्याला तर बाहेरून पांढरं पातळ कवच दिसायलंय, मग ते कुठून आलं?

लातूर ताई:
ते वेगळंच प्रकरण आहे. ते फक्त मादी करते, आणि कवच बनवणाऱ्या पिशवीतून नाही तर वरच्या दोन हातांच्या रुंद पडद्यांतून स्रवून करते, अंडी ठेवायला. तेही कॅल्साइटचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच दुसऱ्या रूपाचं, नॉटिलससारखं अॅरॅगोनाइटचं नाही. मादी हे स्वतः बनवते का दुसऱ्याचं चोरते यावर वाद होता, तो १८३० च्या दशकात जान व्हिलप्र्यू पॉवर या बाईंनी सिसिलीत काचेच्या टाकीत आर्गोनॉट पाळून मिटवला. त्यामुळं खऱ्या कवचाच्या अवशेषात ते धरायचं नाही.

उदगीर फिशरीज:
बरोबर. आणि कधी प्रॅक्टिकलला काडी काढायची वेळ आलीच तर वाळू देऊ नकोस, तिच्यात पाणी खूप असतं, सुकली की तडकते आणि वलयं बिघडतात, ओलीच ठेव. मध्ये जिथं वाक आहे त्याच्या शेजारून आडवी काप, थर तिथं नीट दिसतात. तुझ्या कॉलेजच्या सरांना म्हण, बरणीतला नाही तर रत्नागिरी, मुंबईच्या बाजारातून एक ऑक्टोपस बर्फात मागवून द्या.