बर्लिन: नॉर्डबानहोफला आई-बाबांना घेऊन मुद्दाम उतरावं का?

स्वप्नजा_नाशिक:
सप्टेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन बर्लिनला जातेय. मुक्काम गेझुंडब्रुनेनजवळ. बाबा मध्य रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेत. कुणीतरी नॉर्डबानहोफ सुचवलं, पण फोटोत ते साधं भुयारी लोकल स्टेशन दिसतं. तिथे बघण्यासारखं काय आहे? आईला जिने झेपत नाहीत.

पांकोकर:
ताई, जरूर उतरा. मी पांकोला राहतो, एस-२ या लोकलने नॉर्डबानहोफच्या याच बोगद्यातून ऑफिसला जातो, आणि घरी पाहुणे आले की त्यांना पहिल्यांदा इथेच आणतो.

बाबांना आधी नकाशा दाखवा. शहर विभागलेलं असताना या मार्गाची दोन्ही टोकं पश्चिम बर्लिनमध्ये, मधला भाग मात्र पूर्व बर्लिनच्या पोटातून जायचा. १३ ऑगस्ट १९६१ला सीमा बंद झाली, तरी पश्चिमेच्या गाड्या इथून धावतच राहिल्या. नॉर्डबानहोफ, ओरानिएनबुर्गर श्ट्रासे, उंटर डेन लिंडेन (आताचं ब्रांडेनबुर्गर टोअर), पोट्सडामर प्लाट्झ या स्टेशनांवर थांबायची मनाई. वरची दारं बंद, गाडीचा वेग कमी व्हायचा, आणि अंधुक उजेडात फलाटावर बंदूकधारी पहारेकरी दिसायचे. पूर्वेच्या भागात थांबा फक्त फ्रीडरिखश्ट्रासेला. पूर्वेकडच्या नकाशांवर तर ही बंद स्टेशनं दाखवतच नसत. रेल्वेवाल्या माणसाला आणखी एक गोष्ट आवडेल: पश्चिम बर्लिनमधली एस-बान, म्हणजे तिथली लोकलसुद्धा १९८४च्या सुरुवातीपर्यंत पूर्वेची रेल्वेच चालवत होती!

हे सगळं नॉर्डबानहोफच्या आतच, बेर्नाउअर श्ट्रासेकडे जाणाऱ्या वाटेवर, फलकांवर मांडलंय. तिकीट नाही. रेल्वे कर्मचाऱ्यांनी केलेल्या पलायनांबद्दलही आहे. ते सावकाश वाचा. सीमेच्या कामाला लावलेली माणसंही याच रुळांच्या आधाराने पळत होती, हे वाचलं की फलाटाकडे बघायची नजर बदलते. स्टेशन पुन्हा उघडलं १ सप्टेंबर १९९०ला.

वर आलात की बर्लिन भिंतीचं स्मारक समोरच. उघड्यावरचा भाग रोज बघता येतो, माहिती केंद्र सोमवारी बंद.

मीनल_हाम्बुर्ग:
फ्रीडरिखश्ट्रासेचा ‘अश्रूंचा महाल’ही घ्या. पूर्वेतून पश्चिमेला निघालेले लोक ज्या दालनासमोर नातेवाइकांचा निरोप घेत, तिथे आता फुकट संग्रहालय आहे. माझ्या सासूबाई तिथल्या तपासणीच्या अरुंद खोक्यात उभ्या राहिल्या आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत. तेही सोमवारी बंद असतं.

स्वप्नजा_नाशिक:
दोन्ही एकाच दिवशी जमेल? आणि जिन्यांचं काय?

पांकोकर:
आरामात जमेल. गेझुंडब्रुनेनहून नॉर्डबानहोफ दुसरंच स्टेशन, मध्ये फक्त हुम्बोल्टहाइन. पुढे फ्रीडरिखश्ट्रासेही त्याच मार्गावर. स्टेशनला लिफ्ट आहे, पण लिफ्टा कधीकधी बंद असतात, म्हणून निघण्याआधी एस-बानच्या अ‍ॅपवर बघा. परत येताना मात्र फ्रीडरिखश्ट्रासेहून थेट उत्तरेकडे जाऊ नका. आधी पोट्सडामर प्लाट्झपर्यंत पुढे जा, तिथून उत्तरेकडे जाणारी गाडी धरा आणि बाबांना खिडकीशी बसवा. ती चारही स्टेशनं ओळीने येतात, आज प्रत्येकावर गाडी थांबते, दार उघडतं. ओरानिएनबुर्गर श्ट्रासेला भिंतीवर जुन्या गॉथिक अक्षरात नाव आहे, ते दाखवा. डोक्यावर वायर नाही, वीज तिसऱ्या रुळातून, ७५० व्होल्ट डीसी, आणि शू (गाडीचा वीज घेणारा भाग) रुळाला खालून टेकतो. यावर ते तुम्हालाच चार गोष्टी सांगतील.

तिकीट एबी झोनचं पुरतं. कागदी घेतलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या. गेट नाहीत, पण तपासनीस साध्या कपड्यात येतात आणि दंड ६० युरो आहे.